चातुर्मासात सोडलेला पंप

या अंकाच्या संपादिकाबाईंनी मला फोनवर विषय दिला तो असा: दमा आटोक्यात ठेवण्याचे नैसर्गिक उपाय. उपाय सोपे हवेत, घरच्या घरी करता यायला हवेत आणि वाचून माणसाला उमेद वाटायला हवी, अशा वर अटी. मी त्यांना म्हटलं, परळच्या एका पालिका रुग्णालयात, छातीच्या विभागात फिजिओथेरपिस्ट म्हणून माझी नोकरी झाली आणि तिच्यातला निम्मा वेळ लोकांचे नैसर्गिक उपाय निस्तरण्यात गेला, तेव्हा उमेदीचं काही सांगता येत नाही. त्या हसल्या. मी गंमत करतेय असं त्यांना वाटलं.

नैसर्गिक हा शब्द ऐकला की माझं डोकं फिरतं. झुरळ नैसर्गिक आहे. न्हाणीघराच्या भिंतीवरची काळी बुरशी तर अस्सल नैसर्गिक, तिच्यात कुणी भेसळ करत नाही. शेणीचा धूर नैसर्गिक, मांजराचे केस नैसर्गिक, आणि दमा हाही काही कुणी कारखान्यात तयार करून विकत नाही. पण लोकांना वाटतं, जे डॉक्टर देत नाही ते नैसर्गिक, आणि जे नैसर्गिक ते निरुपद्रवी. शिकलेल्यांना हे जरा जास्तच वाटतं, कारण त्यांच्याकडे फॉरवर्ड करायला वेळ असतो.

माझं काम सांगायला सोपं आहे. मी लोकांना श्वास सोडायला शिकवायचे. घ्यायला नव्हे, सोडायला. दम्यात फुफ्फुसातल्या बारीक नळ्या सुजतात आणि आवळतात. हवा आत जाते, पण बाहेर पडताना अडकते. माणूस घाबरतो, आणखी हवा ओढतो आणि आणखी फुगतो. अशा वेळी त्याला पुढे वाकवून बसवायचं, कोपरं मांडीवर टेकवायची, खांदे सैल सोडायला लावायचे. नाकाने थोडा श्वास घ्यायचा आणि ओठांचा चंबू करून, बशीतल्या चहावर फुंकर घालतो तसा, सावकाश सोडायचा. एवढंच. यावरून पेशंट मला फुंकरवाल्या बाई म्हणत. डॉक्टरांना डॉक्टरसाहेब आणि मला फुंकरवाली, पण माझी काही तक्रार नाही, कारण ते विसरत नसत.

ही फुंकर नैसर्गिकच आहे. फरशी झाडण्याऐवजी ओल्या फडक्याने पुसणं, गादीला कडक ऊन दाखवणं, उशांचे अभ्रे गरम पाण्यात धुणं, झुरळं आणि ओल यांचा बंदोबस्त करणं, घरात धूर न करणं, चालायला सुरुवात करताना पहिली काही मिनिटं रमतगमत चालणं, हेही सगळं नैसर्गिक आहे आणि त्याने खरोखर फरक पडतो. पण हे पंपाबरोबर करायचं असतं, पंपाऐवजी नाही. पंपही दोन. एक रोज घ्यायचा, नळ्यांची सूज उतरवणारा, आणि दुसरा दम लागेल तेव्हाचा, आवळलेल्या नळ्या सैल करणारा. हे मी आयुष्यभर सांगत आले. लोक मान डोलवत आणि विचारत, बाई, मध चालेल ना.

ओलं फडकं कुणालाच नको असतं, ही खरी गोष्ट. त्यात चमत्कार नाही. दादरच्या एका निवृत्त बँक अधिकाऱ्यांनी हवा शुद्ध करणारी झाडं म्हणून बंद गॅलरीत नर्सरी उभी केली होती. रोज संध्याकाळी पाणी घालून घालून तिथे अशी बुरशी धरली की गॅलरीचं दार उघडलं की मलाच खोकला येई. त्यांचा खोकला वाढला तेव्हा त्यांनी आणखी झाडं आणली. मी त्यांना झाडं खाली सोसायटीच्या आवारात ठेवायला सांगितलं, तर म्हणाले, तुम्हाला बॉटनीमधलं कळत नाही. नाही कळत. खोकला कळतो.

गिरगावातल्या एका घरात तर नातवाने अमेरिकेतून येताना आजोबांसाठी हवा शुद्ध करायचं यंत्र आणलं. दसऱ्याला घरातल्या सगळ्या यंत्रांबरोबर त्याचीही पूजा झाली. झेंडूचा हार त्याच्या जाळीवरच घातला आणि समोर उदबत्तीचा अख्खा जुडगा पेटवून ठेवला. यंत्राचा दिवा लाल झाला आणि ते घरघरायला लागलं. घरच्यांनी मेकॅनिकला बोलावलं. यंत्र बिघडलं अशी सगळ्यांची खात्री होती. त्या घरात शहाणं तेवढंच होतं.

या गमती मी सांगते तेव्हा लोक हसतात, आणि घरी जाऊन उदबत्ती लावतात. पण डिलाईल रोडच्या सुनंदा परबांची हकीकत सांगितली की हसायचं कुठे ते त्यांना कळत नाही.

सुनंदाताई माझ्याच वयाच्या. मूळ मालवणकडच्या, लग्न होऊन डिलाईल रोडच्या चाळीत आल्या त्या तिथल्याच झाल्या. नवरा गिरणीत होता, गिरणी गेल्यावर मिळेल ती नोकरी करत राहिला आणि काही वर्षांपूर्वी वारला. एक मुलगी, अश्विनी. या मुलीला लहानपणी दमा होता, म्हणून सुनंदाताई तिला माझ्याकडे आणायच्या. काही महिने नीट आल्या आणि मग यायच्या बंद झाल्या. पुढे कधीतरी मंडईत भेटल्या तेव्हा अभिमानाने म्हणाल्या की अश्विनीचा दमा त्यांनी घालवला. गावाहून सासूने शिकवलेली धुरी, निखाऱ्यावर ओवा, गुग्गुळ आणि कसलासा पाला, रोज तिन्हीसांजेला, दार लावून. चाळभर त्यांची ख्याती झाली. कुणाच्या पोराला खोकला झाला की परबीणबाईंची धुरी ठरलेली.

दमा गेला नव्हता. अश्विनी कॉलेजात गेल्यावर एकटीच आमच्या ओपीडीत यायला लागली. तिला रोजचा पंप सुरू झाला आणि ती चांगली राहिली. पंप कॉलेजच्या बॅगेत, नंतर ऑफिसच्या ड्रॉवरमध्ये. घरी सांग म्हणून मी तिच्या मागे लागायचे. ती म्हणायची, आई सगळ्या चाळीत सांगत फिरते, तिचं तोंड कुठे पाडू. एका पेशंटची गोष्ट दुसऱ्याला सांगायची नाही हा आमचा नियम. दुसरा पेशंट आई असली तरी. आणि ती दुसरी पेशंट होणारच होती. पन्नाशीनंतर सुनंदाताईंना स्वतःलाच दमा सुरू झाला. इतक्या वर्षांच्या फोडण्या, तळण आणि निखारे, वर शेजारी जुनी चाळ पाडून टॉवर उभा राहत होता त्याची धूळ. आमच्या डॉक्टरांनी पंप दिला, मी फुंकर शिकवली, आणि त्यांचं बरं चाललं होतं.

मी निवृत्त झाल्यावर आमची गाठ क्वचित पडायची. गेल्या वर्षी श्रावणात लालबागच्या बाजारात त्या दिसल्या. दोन पावलं चालून थांबत होत्या, हातातली पिशवी जमिनीवर टेकवत होत्या. बोलताना वाक्य पुरं होत नव्हतं. मी तिथल्या तिथे विचारलं, पंप कुठे आहे. त्या लाजल्यासारखं हसल्या आणि म्हणाल्या की चातुर्मासात सोडलाय.

मला आधी कळेचना. चातुर्मासात लोक कांदा सोडतात, वांगं सोडतात, कुणी चहा सोडतं. आपल्याला जे प्रिय ते चार महिने देवाला द्यायचं. त्यांच्या चाळीतल्या बायकांचं मंडळ दरवर्षी आषाढी एकादशीला एकत्र बसून नेम धरतं. मंडळाच्या प्रमुख मोहितेकाकूंनी बटाटा सोडला होता, आणि रताळं खात होत्या. एकीने टीव्हीवरची मालिका सोडली होती, ती दुसऱ्या दिवशी फोनवर बघायची. त्याच्या आदल्याच आठवड्यात ही सगळी मंडळी दादरला एका हॉलमध्ये कुणा श्वासगुरूंचं व्याख्यान ऐकून आली होती. पांढरे कपडे, कानामागून ओठापर्यंत आलेला माइक आणि विक्रीला तेलाच्या बाटल्या. पंप हे व्यसन आहे, एकदा लागलं की सुटत नाही, असं ते गृहस्थ म्हणाले. मोहितेकाकू बैठकीत म्हणाल्या की सुनंदा, सोडायचंच तर तू व्यसन सोड. सगळ्या बायकांनी टाळ्या वाजवल्या. सुनंदाताईंनी देवासमोर शब्द दिला. एरवी आमच्या सल्ल्याचा शब्दन् शब्द तपासून घेणारी बाई, एका माइकवाल्यापुढे हरली.

तरी मी म्हटलं, हे काय, सोडा नेम, देव काय पंपाचा भुकेला आहे. तेव्हा खरं काय ते बाहेर आलं. अश्विनीच्या लग्नाला बरीच वर्षं झाली होती आणि मूल होत नव्हतं. त्या ज्येष्ठात ती गरोदर राहिल्याचं कळलं होतं. सुनंदाताईंनी नेम धरताना मनात म्हटलं होतं, हे माझ्या लेकीच्या बाळासाठी. आता नेम मोडला तर त्या बाळाला काही होईल. बाजारात भर रस्त्यावर, पिशवी पायाशी ठेवून, दर तीन शब्दांनी थांबत त्यांनी मला हे सांगितलं. मला राग आला होता. नुसता राग येऊन काय होतं.

मी त्यांच्या घरी जायला लागले. प्रत्येक वेळी खोलीत धुरीचा वास कोंडलेला असायचा. पंप नाही म्हणून धुरी दुप्पट. मी फुंकर करून घ्यायचे, गादी गच्चीत टाकायला लावायचे, खिडकी उघडायचे. खिडकीतून टॉवरची धूळ यायची, म्हणून त्या ती लावून घ्यायच्या. डॉक्टरांकडे नेलं तर तिथे मान डोलवून आल्या आणि घरी येऊन बसल्या. शेवटी मी, जिने आयुष्यात सत्यनारायणाचा प्रसादही नाइलाजाने घेतला, गिरगावातले एक वयस्क गुरुजी गाठले. ते म्हणाले, औषध नेमात धरतच नाहीत, उपासातही औषध चालतं. मी फोन स्पीकरवर ठेवून त्यांना हे सुनंदाताईंसमोर पुन्हा सांगायला लावलं. मला वाटलं, सुटले मी.

सुनंदाताईंनी शांतपणे ऐकलं आणि मग मला म्हणाल्या, "बाई, औषद सोडूक कोणी सांगितलान? मी व्यसन सोडलंय. तुमीच सांगा, सगळ्या चाळीन ह्येका व्यसनच म्हटल्यान ना?"

त्यांचं बरोबर होतं, हेच तर वाईट. मग मी मोहितेकाकूंकडे गेले. त्यांनी एकदा सगळ्यांसमोर म्हणावं की पंप हे औषध आहे, आमचं चुकलं. मोहितेकाकू म्हणाल्या की त्यांनी कुणाला जबरदस्ती केली नव्हती, आणि शिवाय सुनंदाचा चेहरा आता किती तेजस्वी दिसतो. तेजस्वी. सुनंदाताईंच्या ओठांना निळी झाक यायला लागली होती. मी त्यांना काय बोलले ते या अंकात छापता येणार नाही.

अश्विनीला मी, आमचा तो नियम बाजूला ठेवून, फोनवर सगळं सांगितलं, नेम बाळासाठी आहे तेवढं सोडून. ते तिच्या आईने सांगायचं होतं. ती सासरी ठाण्याला, डॉक्टरांनी जपायला सांगितलेलं. ती रोज आईशी बोलायची, रागवायची, रडायची. पंप तिचाही चालू होता, आणि तिच्या डॉक्टरांनी गरोदरपणात तो अजिबात बंद करायचा नाही असं बजावलं होतं. गरोदर बाईला दम लागला की पोटातल्या बाळाला हवा कमी मिळते, इतकं साधं ते आहे.

दसरा झाल्यावर चाळीत अश्विनीचं डोहाळजेवण ठरलं. दुपारची वेळ होती. मलाही बोलावणं होतं. खोलीत पाय ठेवायला जागा नाही, हिरवी साडी, फुलांचे गजरे, फुलांचा कंबरपट्टा, फुलांचा मुकुट घालून अश्विनी पाटावर बसलेली, आणि कोपऱ्यात कुणीतरी शुभ म्हणून भलंमोठं धुपाटणं पेटवून ठेवलेलं. मी आत शिरल्या शिरल्या ते उचलून बाहेर गॅलरीत नेलं. मोहितेकाकू नाराज झाल्या. तोवर खोली भरली होती.

ओटी भरायला सुनंदाताई स्वयंपाकाच्या ओट्याकडून निघाल्या आणि मधेच भिंतीला धरून थांबल्या. नारळ हातातून सुटला. मी त्यांना खाली बसवलं, पुढे वाकवलं, पण फुंकर घालायला आतून काही सुटतच नव्हतं. मानेचे स्नायू दोरखंडासारखे ताणले होते. मी शेजारच्या मुलाला टॅक्सी आणायला पिटाळलं, खिडकी उघडली, आणि त्यांच्याच फळीवर डब्यामागे ठेवलेला, दम लागेल तेव्हाचा पंप काढून त्यांच्या तोंडापाशी धरला. त्यांनी ओठ मिटून घेतले. डोळे माझ्यावर होते, घाबरलेले, पण ओठ मिटलेले. मी त्यांच्यावर ओरडले. इतक्या वर्षांत मी पेशंटवर ओरडले नव्हते असं नाही, पण इतकं कधीच नाही.

अश्विनी पाटावरून उठली. तिचाही श्वास जड झालेला मला ऐकू येत होता. तिने कपाटावरची आपली पर्स काढली, तिच्यातून पंप काढला आणि सगळ्या बायकांसमोर आईपुढे धरला. सुनंदाताई त्या पंपाकडे बघत राहिल्या, तो कुणाचा हे त्यांना कळत नव्हतं.

अश्विनी त्यांच्यासमोर खाली बसली, सातव्या महिन्याचं पोट सांभाळत, आणि म्हणाली, "आई, हा माझा आहे. मला पण आत्ता लागतोय. तू नेम धरलायस ना, मग मी पण धरला. तू घेतलास की मी घेईन. तोपर्यंत नाही."

सुनंदाताईंनी मान हलवली. बोलता येत नव्हतं. अश्विनीने पंप मांडीवर ठेवून दिला आणि हात बाजूला घेतले. तिच्या छातीतली शिट्टी आता सगळ्यांना ऐकू येत होती. मी तिला म्हटलं, वेडेपणा करू नकोस, घे. तिने माझ्याकडे बघितलंही नाही. मग सुनंदाताईंनी माझा पंप धरलेला हात ओढून तोंडाशी नेला. मी दाबला, त्यांनी ओढला. एकदा, थांबून पुन्हा, पुन्हा. त्यांचा दुसरा हात अश्विनीच्या मांडीवरच्या पंपाकडे जात होता, तिने घ्यावा म्हणून. तिने घेतला.

टॅक्सीतून मी दोघींना घेऊन रुग्णालयात गेले. माझं जुनं ठिकाण, माझ्या जुन्या खुर्चीवर आता दुसरी मुलगी. सुनंदाताईंच्या तोंडावर वाफेच्या औषधाचा मास्क लावला, अश्विनीला तपासलं, बाळाचे ठोके नीट होते. ते ऐकून सुनंदाताईंनी डोळे मिटले. मग थोड्या वेळाने त्यांनी मास्क खाली ओढला आणि लेकीला विचारलं, "कधीपासून घेतंस गो तू ह्या?"

"कॉलेजला लागल्यापासून."

"आणि तेच्या आदी?"

फुलांचा मुकुट अश्विनीने अजून काढला नव्हता, तो एका बाजूला कलला होता. ती म्हणाली, "त्याआधी पण लागायचा दम, आई. मी सांगायचे नाही. सांगितलं असतं तर तू पुन्हा दार लावून धुरी दिली असतीस."

सुनंदाताई माझ्याकडे वळल्या. मी त्यांना किती वर्षं ओळखत होते, पण तो चेहरा मी पाहिला नव्हता.

"म्हंजे बाई," त्या म्हणाल्या, "इतकी वर्सा मी माझ्या चेडवाक नुसतो धूर दिलंय?"

याचं उत्तर माझ्याकडे तयार होतं. आयुष्यभर मी तेच उत्तर वेगवेगळ्या लोकांना वेगवेगळ्या शब्दांत, चांगलं झोंबेल असं देत आले होते. मी त्यांचा मास्क उचलला, नाकावर नीट बसवला आणि म्हटलं, आता बोलू नका, सावकाश सोडा.